चिमणाबाईचं पान

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

नवी वही सुरू करताना पहिल्या पानावर आपण कोण ते लिहायचं, ही अप्पांची, माझ्या वडिलांची शिकवण. म्हणून लिहिते. मी सौंदर्या सिद्धाप्पा हेळवी, वय सव्वीस, गडहिंग्लजजवळची, सध्या कोल्हापुरात राजारामपुरीत एका खोलीत. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते.

आमचं हेळव्यांचं घराणं म्हणजे लोकांच्या पिढ्या सांगणाऱ्यांचं. सुगी झाली की अप्पा बैल घेऊन निघतात. ठरलेल्या चाळीस गावांत ठरलेल्या घरांच्या दारात बसून त्या घराचे पूर्वज मोठ्यानं वाचतात. घरातली माणसं टोपी काढून ऐकतात, नवा जन्म, नवं मरण सांगतात, अप्पा लिहून घेतात. मग घरातला मोठा माणूस सूपभर धान्य आणून आमच्यापुढं ठेवतो. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं गिरवली ती अप्पांच्या त्या वहीतली. पाढ्यांच्या आधी मला पिढ्या पाठ होत्या.

ती वही आज माझ्या खोलीत आहे. अप्पा सकाळच्या एसटीनं ती मांडीवर घेऊन आले आणि दुपारच्या गाडीनं परतले. काचबिंदूमुळं त्यांना आता ओळी दिसत नाहीत. २०१९च्या पुरात हिरण्यकेशीचं पाणी घरात आलं तेव्हा वही भिजली होती, आता हात लावला की पान सुटतं. मला ती नव्या वहीत उतरवून द्यायची आहे. पुरी झाली की जुनी वही अमावास्येला नदीत सोडायची. एका घराच्या दोन वह्या जगात असू नयेत, असं पणजोबा म्हणायचे.

अकरा पानं आत दुमडलेली आहेत. दारात वाचता येत नाही ते त्यांत असतं. लिहायचं, कारण न लिहिणं हे हेळव्याला पाप. दुमडायचं, कारण वाचणं त्याहून मोठं पाप. अप्पा जाताना एवढंच म्हणाले, "दुमडलेली शेवटाला. मी आल्यावर."

रविवार, ९ फेब्रुवारी

पाच दिवसांत नऊ पानं. एकूण चारशे बारा. एका नावाची ओळ चुकले तर कुणाचा तरी मुलगा दुसऱ्याच्या घरात जाऊन बसेल. काल एका 'नागोजी'चा 'नारोजी' केला. आज ग्रंथालयात दिवसभर तो नागोजी माझ्यामागं उभा असल्यासारखं वाटत होतं.

ठरवलं. मोबाईलनं प्रत्येक पानाचा फोटो काढायचा. फोटो आपोआप क्लाउडमध्ये जातात. पाणी नाही, वाळवी नाही. मग सावकाश उतरवत बसू.

रविवार, १६ फेब्रुवारी

चारशे बारा पानं झाली. दुमडलेली अकराही घेतली.

अप्पांचं म्हणणं मी मोडलं हे मला कळतं. पण वही उद्या सुटली, हरवली, तर ती अकरा पानं कुठून आणणार? अर्धी नक्कल म्हणजे नक्कलच नव्हे, हेही त्यांनीच शिकवलं. फोटो काढताना वाचायचं नाही असं ठरवलं होतं. पण डोळे ते डोळे.

सातव्या दुमडलेल्या पानावर एक फोटो चिकटवलेला आहे, जुना, स्टुडिओतला. नऊवारी नेसलेली बाई खुर्चीवर बसली आहे, वय वीस असेल नसेल. खाली पणजोबांचं अक्षर:

"सयाजी यांचे पहिले कुटुंब चिमणाबाई. ताप म्हणून सांगतात. तापाने नव्हे. दुसरीही मुलगीच झाली म्हणून विहिरीत घातली. मी त्या दिवशी गावात होतो. मूल जिवंत आहे. त्याचे नाव या घराच्या पानावर लिहू नये."

हातकणंगल्याकडचं घर. मोठं घर. त्याच घराच्या उघड्या पानावर एकच ओळ आहे: "चिमणाबाई, तापाने वारली असे घरचे सांगतात."

पान पुन्हा दुमडलं. घडी पूर्वीसारखी बसली नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मोबाईल भरला. 'सर्व फोटो सुरक्षित साठवले आहेत, फोनमधून काढून जागा मोकळी करायची का?' असं विचारत होता. सगळे चढले आहेत का ते तीनदा मोजून पाहिलं. चारशे तेवीस. मग हो म्हटलं.

संध्याकाळी भाजी निवडताना मोबाईल वाजला. ॲपनं आपल्या मनानं चेहरे वेगळे काढून ठेवले होते. चिमणाबाईचा चेहरा एका गोल चौकटीत, आणि शेजारी माझा, ग्रंथालयाच्या ओळखपत्रावरचा. खाली प्रश्न: 'ही एकच व्यक्ती आहे का?'

मी 'नाही' दाबलं. ॲपनं आभार मानले.

मला भीती वाटली ती दोन चेहऱ्यांची नाही. दुमडलेलं पान माझ्याआधी आणखी कुणीतरी पाहिलं होतं, आणि त्या कुणाला डोळे नाहीत, याची.

गुरुवार, २० फेब्रुवारी

अप्पांचा फोन. मी सांगितलं, वहीची नक्कल झाली. मोबाईलमधून क्लाउडवर गेली, आता पुरालासुद्धा सापडायची नाही. नवी वही त्यावरून बघून लिहीन, म्हणून जुनी परवा येणाऱ्या शेजारच्या काकांबरोबर घरी पाठवते. इथं माझ्या हातून पानं तुटतात.

"पर ठेवलीस कुणाच्या घरात?" त्यांनी विचारलं.

घर नसतं अप्पा, म्हटलं, मोठमोठ्या खोल्यांत यंत्रं असतात. कुठं? ते मला माहीत नाही. कुणाच्या राखणीत? कंपनीच्या. कंपनीतलं कोण? मला एकही नाव सांगता आलं नाही. सतरा पिढ्यांची नावं सांगणाऱ्याच्या मुलीला.

मग ते म्हणाले, "समदं घेतलंस? दुमडलेलीबी?"

"व्हय."

मग, "बरं झालं," म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

हातकणंगल्याकडचे उदयसिंह यांचा फोन आला. सयाजींचे पणतू. शाहूपुरीत ट्रॅक्टरचं दुकान आहे. मुलगी संयोगिता हिचं लग्न मे महिन्यात, त्याआधी नव्या बंगल्याची वास्तुशांत, आणि दिवाणखान्यात वंशवृक्ष लावायचा आहे. अप्पांनी माझा नंबर दिला. फार अगत्यानं बोलले. त्यांच्या घराचं उघडं पान लिंकनं पाठवून दिलं. पाठवण्याआधी दोनदा तपासलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी आईचा, अव्वाचा फोन. काल अमावास्या होती. अप्पा तिचा हात धरून घाटाच्या पायऱ्या उतरले, जुनी वही पाण्यात सोडली, आंघोळ करून आले. अव्वा सांगत होती, लगेच बुडाली नाही. आधी पानं उघडली, मग गेली.

मी म्हटलं, नवी वही अजून लिहायची आहे, अव्वा. ती म्हणाली, "तूच म्हणालीस न्हवं, नक्कल झाली म्हणून? दोन वह्या कशा ठेवायच्या?"

चूक त्यांची नाही. नक्कल झाली असं मी म्हटलं होतं.

मंगळवार, ११ मार्च

'तुमचे खाते धोरणांच्या उल्लंघनामुळे बंद करण्यात आले आहे.'

एवढंच. कुठलं धोरण, कुठलं उल्लंघन, काही नाही. एकशे अठरा पानं उतरवून झाली आहेत. उरलेली दोनशे चौऱ्याण्णव आत आहेत, आणि अकरा.

शनिवार, १५ मार्च

तीन अर्ज केले. तिन्हींना सारखंच उत्तर, 'आम्ही तुमची अडचण समजू शकतो', खाली कुणाचंही नाव नाही. एके ठिकाणी लिहिलं होतं, या खात्यात काय आहे ते थोडक्यात सांगा. मी लिहिलं, 'माणसं.' मग ते खोडून 'कौटुंबिक कागदपत्रे' लिहिलं.

कार्यालय कोल्हापुरात असतं तर दारात जाऊन बसले असते. आमच्या घराण्याला दारात बसायची सवय आहे. याला दार नाही.

गुरुवार, २० मार्च

रोज सकाळी कामावर जाण्याआधी आठवतील ती नावं लिहून काढते. आठवतात ती घोळक्यानं येतात, आणि मधली एक जागा रिकामी असते. वडील आहेत, नातू आहे, मधला मुलगा नाही. असा एक-एक मधला माणूस खोलीत साठत चाललाय. अंघोळीचं पाणी काढताना, कुलूप लावताना, तो माझ्या तोंडाकडं बघत असतो, की आता ही म्हणेल.

चिमणाबाई मात्र अक्षर न अक्षर पाठ आहे. एकदाच वाचली तरी.

अप्पांना अजून सांगितलेलं नाही.

रविवार, २३ मार्च

उदयसिंहांचा फोन. या वेळी अगत्य नव्हतं. लिंक उघडत नाही म्हणाले. खातं बंद पडल्याचं मी सांगितलं. ते म्हणाले, "बंद पडायच्या आधी मी समदं उतरून घेतलंय. चारशे तेवीस फोटो."

मी एक पान पाठवलं होतं. पाठवलं होतं ना? दोनदा तपासलं होतं, पण कुणाला पाठवते तेवढंच. लिंक एका पानाची नव्हती, पानांच्या अख्ख्या पेटीची होती.

"विहिरीचंबी वाचलं," म्हणाले. "येऊन भेटा."

माझ्या हलगर्जीपणानं वही उघडी पडली, आणि माझ्या हलगर्जीपणानंच ती वाचली. देवाला कुठल्या तोंडानं नमस्कार करायचा ते कळलं नाही, म्हणून केला नाही.

शनिवार, २९ मार्च

शाहूपुरीतल्या दुकानात गेले. तिथं लाल ट्रॅक्टर ओळीनं उभे, पाडव्याच्या खरेदीसाठी हार घातलेले. उदयसिंह पन्नाशीचे, अंगानं भरलेले, डोळ्यांखाली काळं. मुनीमजींना बाहेर पाठवून त्यांनी दार लावलं.

बोलणं बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, मुलीचं लग्न तोंडावर आहे, पावणे मोठे आहेत, असलं काही बाहेर गेलं तर घराण्याला काळिमा. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला होता. त्यात चारशे बावीस फोटो आहेत. एक नाही. तो एक त्यांनी पुसला. उरलेलं सगळं मी न्यावं. बदल्यात त्यांच्या घराचं नवीन पान मी त्यांच्यासमोर, शाईनं लिहायचं, आणि चिमणाबाई तापानं गेली असं लिहायचं. नाहीतर हाही पुसून टाकणार.

चाळीस गावं टेबलावर होती. दुसऱ्या बाजूला एक बाई, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी गेलेली, जिला विचारणारं कुणी नाही.

त्यांनी चहा मागवला. चहा आला तो एकच कप. तुम्ही घेत नाही का, विचारलं.

"चहा कशाचा करत्यात ताई? पाण्याचाच की. ती विहीर अजून हाय आमच्या रानात. मोटर बसवलीय. बंगल्याची टाकी तिच्यावरच भरती, हितं दुकानात प्यायला कॅन येतोय तोबी तिथलाच. वाचल्यापासनं मी घरचं पाणी पीत न्हाय. बायकोला सांगितलंय, पित्त झालंय."

मी कप खाली ठेवला. पाडव्यानंतर उत्तर देते म्हटलं. विचारलं, दुसऱ्या कुणाला दाखवलंत का? न्हाय म्हणाले. बाकीची दहा दुमडलेली पानं वाचलीत का? त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

रविवार, ३० मार्च. पाडवा. गडहिंग्लज

अप्पांना सगळं सांगितलं. गुढीखाली बसून ऐकलं त्यांनी, काठी मांडीवर आडवी. खातं, लिंक, पेनड्राइव्ह. यातलं किती कळलं माहीत नाही. मी रडले तेव्हा म्हणाले, "नदीला मी सोडली, तू न्हाईस."

मग मी उदयसिंहांची अट सांगितली. मला वाटलं होतं ते म्हणतील, चाळीस गावांपुढं एक बाई काय. किंवा म्हणतील, खोटं एक अक्षर लिहू नको. दोन्ही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, चिमणाबाईचा फोटो पाहिलास का तू? कशी होती दिसायला?

आठवून सांगितलं. रुंद कपाळ, डावी भुवई मधेच तुटलेली, बसताना मान जराशी कललेली. अप्पा ऐकत राहिले. त्यांनी ते पान उघडं असं कधी पाहिलंच नव्हतं. पणजोबांनी तोंडी सांगितलं तेवढंच. दिसत होतं तेव्हा उघडलं नाही, म्हणाले.

चुलीपाशी वाकून मी भाकरी उलटत होते, तेव्हा अव्वा म्हणाली, "अशी वाकलीस की डिट्टो धोंडव्वा अज्जी दिसतीस." अज्जी, अप्पांची आई, गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला तिचं एवढंच आठवतं की दिवाळीला सगळ्या बायका माहेरी जायच्या, ती जायची नाही. आमच्या स्वतःच्या घराच्या पानावरही तिच्या नावापुढं माहेरची जागा कोरी आहे. पाळण्यातच या घरात आली म्हणे. पूर्वी पाळण्यात लग्नं लागायची.

निघताना अप्पांनी एसटीच्या खिडकीला हात लावून सांगितलं: "दारात वाचायचं ते त्याच्या मनासारखं लिही. जुन्या वहीत हुतं तसंच. आन् दुसरं पान माझ्यासमोर लिही. ते पान आपलं हाय. आपल्या घरच्या पानामागं लावायचं."

लपवायला तीच जागा बरी, हे मला सुचलं नव्हतं. आमच्या घराचं पान दुसरं कोण कशाला वाचेल?

शनिवार, ५ एप्रिल

त्यांच्यासमोर लिहिलं. 'सयाजी. प्रथम कुटुंब चिमणाबाई, तापाने वारली असे घरचे सांगतात.'

उदयसिंह वाकून वाचत होते. "'घरचे सांगतात' कशाला? नुसतं वारली लिहा."

"आम्ही सगळ्यांचं असंच लिहितो," मी म्हटलं. "हेळवी काय मेल्याजागी हजर असतो का?"

त्यांना पटलं. मला बोलल्यावर कळलं की मी खोटं बोलले. एक हेळवी हजर होता.

पेनड्राइव्ह दिला. त्यांच्याकडच्या प्रती पुसल्या म्हणून संगणक फिरवून दाखवला. रिकामी चौकट. रिकामी चौकट दिसली की तिथं काही नसतं, असं मला आता वाटत नाही. दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "ती मुलगी जगली म्हणं. कुठं आसंल, काय ठावं हाय?"

माहीत नाही म्हटलं. हे तरी खरं होतं.

सोमवार, १४ एप्रिल

अडतिसावा अर्ज. उत्तर तेच.

कालपासून दुमडलेल्या दहा पानांचा विचार डोक्यातून जात नाही. दहा घरं आपापल्या उंबऱ्याआड झोपलेली आहेत आणि त्यांना माहीतही नाही की त्यांचं झाकलेलं कुठल्या यंत्रात, कुणाच्या संगणकात जागं आहे. त्यांना जाऊन सांगायला हवं. पण काय सांगणार? जे सांगायचं नाही तेच सांगावं लागेल. अप्पांनी विचारलेल्या प्रश्नाला आता एकच उत्तर आहे: अप्पा, कुणाच्या घरात ते विचारू नका, कुणाच्या घरात नाही ते विचारा.

मंगळवार, २७ मे. अमावास्या. गडहिंग्लज

चारशे बारा पानं पूर्ण. बोटाला घट्टा पडला आहे. दहा दुमडलेली जशी होती तशी उतरवून पुन्हा दुमडली. पेनड्राइव्ह अप्पांनी खलबत्त्यात कुटला आणि नदीत सोडला. अव्वा म्हणाली, पूर्वी वहीबरोबर हळदकुंकू सोडायचे, याला काय सोडायचं? तरी तिनं चिमूटभर सोडलं.

दुपारी अकरावं पान लिहिलं, अप्पांच्या समोर बसून. एक शब्दही अडला नाही. फोटोची जागा मोकळी ठेवली. आमच्या घराच्या पानामागं खळीनं चिकटवलं. समोरच्या पानावर अज्जीचं नाव, धोंडव्वा, आणि पुढची ती कोरी जागा. घडी घालायला घेतली तर अप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"एकदा वाच. मोठ्यानं. दाराकडं तोंड करून."

दुमडायचं पान वाचायचं नसतं, मी म्हटलं. ते म्हणाले, दुसऱ्याच्या दारात न्हाई. मला हा नियम माहीत नव्हता. वाचलं. सयाजी यांचे पहिले कुटुंब चिमणाबाई. विहिरीत घातली. मी त्या दिवशी गावात होतो. मूल जिवंत आहे.

वाचून मान वर केली तर अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. डोळ्यांचं पाणी काचबिंदूच्या औषधानं येतंच त्यांना. मग भिंत चाचपत ते उठले, आत गेले, कणगीत हात घातल्याचा आवाज आला. बाहेर आले ते सूप घेऊन. सूपभर जोंधळा. ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं आणि मला वाकून नमस्कार केला, स्वतःच्या मुलीला.

पहिली वही पुरी केल्याची मजुरी असावी. अव्वाला विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून गोठ्यात निघून गेली.

जोंधळा मी कोल्हापूरला घेऊन चालले आहे. ते पान दुमडलं. हे इथलं पानही आता दुमडते.